‘लॅग’ या एका शब्दामागची तीन दुखणी

पब्जी हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम संगणकावर आला २०१७ मध्ये आणि मार्च २०१८ मध्ये फोनवर. डेटा तोवर स्वस्त झाला होता, पण कोकणात डेटा स्वस्त असणं वेगळं आणि रेंज असणं वेगळं.

गेम अडकला की सगळे ‘लॅग’ म्हणतात. खरं तर या शब्दाखाली तीन निरनिराळी दुखणी आहेत. पहिलं पिंगचं. आपण गोळी झाडल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग. तो फार वाढला की भिंतीआड पोचल्यावरही गोळी लागते. दुसरं फ्रेमचं. सेकंदाला ६० चित्रं हवीत, तर एका चित्रासाठी फोनला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. धुराचा बॉम्ब (स्मोक) फुटला, चार जण एकदम समोर आले, की साध्या फोनला ते झेपत नाही. तिसरं तापण्याचं. फोन गरम झाला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, आणि हे बहुधा शेवटच्या झोनमध्येच होतं, म्हणजे खेळाचं मैदान आक्रसत अगदी लहान उरतं तेव्हा.

ओळखायचं कसं? कॅमेरा गोल फिरवून बघा. तो सुरळीत फिरतोय, पण समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतोय आणि दार उशिरा उघडतंय, तर दोष नेटवर्कचा. कॅमेराच अडखळत असेल, तर फोनचा.

आमच्याकडची मुलं मे महिन्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन खेळतात, कारण रेंज तिथेच मिळते. तिथे पिंग ६० मिलिसेकंद, पण कातळ तापलेला, कव्हर काढूनही फोन हातात धरवत नाही आणि फ्रेम विशीवर येतात. घरी पडवीत फोन थंड, तर पिंग ३००. दोन्हीकडे तक्रार एकच, ‘लॅग होतंय’. मग ग्राफिक्स ‘स्मूद’ करतात, म्हणजे चित्रांचा दर्जा उतरवतात. सड्यावर त्याचा थोडा उपयोग होतो, पडवीत काडीचाही नाही.

कमी रॅमच्या फोनसाठी निघालेली लाइट आवृत्ती भारतात २०१९ मध्ये आली. खेळाडू ६०, नकाशा छोटा. माझ्या मते आमच्या फोनांचा विचार करून बनवलेली ती एकच. २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲप्सवर बंदी आली, त्यात मूळ गेमबरोबर लाइटही गेली. कारण सुरक्षेचं होतं, त्यावर माझा वाद नाही. पण २ जुलै २०२१ ला पब्जीचा भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय, आला तेव्हा सोबत लाइट नव्हती, आणि त्याची चर्चाही फारशी झाली नाही. पुढे जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ अखेरीस वेळेच्या मर्यादेसह परतला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास. बातम्या झाल्या त्या या मर्यादेच्या.

शेजारच्या मुलाने यंदा आंब्याच्या पेट्या भरून मिळालेल्या पैशांतून नवा फोन घेतला. पडवीत त्याचा कॅमेरा आता लोण्यासारखा फिरतो. पिंग अजून ३००.