बेळगाव, खानापूर, निपाणीहून जर्मनीला शिकायला: व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट आणि तिथलं बँक खातं

जर्मनीत मास्टर्सला जायचं ठरलं की आपल्याकडे घरात पहिली चर्चा पैशांची होते. ती व्हायलाच हवी, पण आपल्या भागातली मुलं जास्त अडतात ती नावाच्या स्पेलिंगवर. म्हणून सुरुवात तिथून.

सीमाभागातले कागद एका राज्यातले, एका लिपीतले नसतात. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, दहावीची मार्कशीट कन्नड आणि इंग्रजीत, पदवी कुणाची व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) तर कुणाची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. परिणामी गावडे कुठे ‘डब्ल्यू’ने, कुठे ‘व्ही’ने, जाधवच्या शेवटी एखाद्या कागदावर जादा ‘ए’, मार्कशीटवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण नाव. आपल्याला हे रोजचं आहे. जर्मनीतला कर्मचारी मात्र अक्षराला अक्षर जुळवतो, आणि त्यात त्याची चूकही नाही.

पासपोर्ट हा मूळ कागद धरा आणि आधार, पॅन, बँक खातं त्याच्याशी जुळवून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर बाकी काहीही करण्याआधी तो दुरुस्त करून घ्या. बेळगावच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो. मार्कशीटमधली दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते आणि वेळ खाते. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जवळ ठेवा. जन्मस्थळ पासपोर्टवर बेळगाव असो की २०१४ नंतरचं बेळगावी, फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

पात्रता

मास्टर्ससाठी मान्यताप्राप्त पदवी आणि जर्मन विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं. नुसत्या पीयूसीवर (बारावीवर) थेट बॅचलर्सला सहसा प्रवेश मिळत नाही. विद्यापीठात एक वर्ष यशस्वी शिक्षण, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड किंवा तिथला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, असे मार्ग आहेत. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्यात तुमच्या शैक्षणिक कागदांची तपासणी होते, शुल्क १८,००० रुपये. कागदांवर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी साक्षांकनाचा, शिक्का मारून आणला म्हणून एपीएस टळत नाही, तेव्हा त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

अर्ज कुठे करायचा

तुम्ही राहता कुठे यावर हे ठरतं. कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी बेंगळुरूचा वाणिज्य दूतावास, महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुंबईचा. म्हणजे बाचीचा मुलगा बेंगळुरूकडे आणि शेजारच्या शिनोळीचा मुंबईकडे. नोकरीनिमित्त पुण्यात राहत असाल तर तिथल्या वास्तव्याचा पुरावा दाखवून मुंबईकडे अर्ज करता येतो, पण त्यासाठी मावशीचा पत्ता देऊ नका. पत्ता खरा असला पाहिजे.

अर्ज आता कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. बोटांचे ठसे आणि मूळ कागद यांसाठी प्रत्यक्ष जावं लागतं. व्हिसा शुल्क ७५ युरो. सोबत पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस, सगळ्या मार्कशीट, भाषेचं प्रमाणपत्र, बायोडेटा, हा अभ्यासक्रम का निवडला याचं पत्र, आरोग्य विमा आणि पैशांचा पुरावा. कन्नड किंवा मराठीतला कोणताही कागद जोडायचा असेल तर इंग्रजी किंवा जर्मन भाषांतरासह.

जुलै २०२५ पासून एक मोठा बदल झालाय: व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करण्याची जुनी सोय बंद झाली. आता एक तर नवा अर्ज करायचा, नाही तर जर्मनीतल्या न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज नीट गेला पाहिजे.

पैसे

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कमच सोडणारं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात.

आपल्याकडे घरची शिल्लक बऱ्याचदा सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) किंवा पतसंस्थेत असते. तिथून पैसे थेट परदेशी जात नाहीत. परकीय चलनाची परवानगी असलेल्या बँकेतूनच जातात. ठेव मोडून रक्कम आई-वडिलांच्या किंवा तुमच्या बँक खात्यात आधीच वळवा, कारण पॅन, परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-टू फॉर्म आणि पैशांचा स्रोत बँक त्याच वेळी विचारते. आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर मात्र टीसीएस लागत नाही, त्यामुळे कर्ज मंजूर असेल तर ही रक्कम त्यातूनच पाठवा.

तिथे पोचल्यावर

इथे क्रम चुकला की एक कागद दुसऱ्यावाचून अडतो. आधी घर, आणि घरमालकाचं तुम्ही राहायला आल्याचं लेखी पत्र. हे पत्र द्यायला तयार नसलेल्या मालकाची खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. त्या पत्रावर दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची. नोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट घेऊन बँकेत चालू खातं उघडायचं. काही ऑनलाइन बँकांच्या व्हिडिओ तपासणीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. तेव्हा पोस्टात जाऊन ओळख पटवण्याचा पर्याय विचारा. या खात्याचा क्रमांक ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना दिला की मगच ते ९९२ युरो सुरू होतात. तोवरचा खर्च आणि खोलीची अनामत वेगळी न्यावी लागते.

बँकेने नकार दिला तर घाबरू नका. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही ‘बाझिसकोंटो’ म्हणजे मूलभूत खात्याचा कायद्याने हक्क आहे. त्याचा छापील अर्ज मागा आणि भरून द्या.

पत्रपेटीवर आणि दाराच्या घंटीवर तुमचं आडनाव, पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने, पहिल्याच दिवशी चिकटवा. कर क्रमांक, बँक कार्ड, पिन, सगळं टपालाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं.

व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करा. भेटीची वेळ मिळायला अनेक शहरांत महिने लागतात, म्हणून नोंदणी झाली की लगेच. इकडचं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्या आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा.