रंग जास्त की रंग बरोबर? फोटोंसाठी मॉनिटर निवडताना

जुन्या मॉनिटरचा पडदा पिवळट पडला किंवा तो बंदच पडला, आणि आता फोटो नीट दिसतील असा दुसरा, पण बेताच्या किमतीत हवा आहे. अशा वेळी खोक्यावर रंगांबद्दल दोन प्रकारचे दावे दिसतात. एक '१२५ टक्के एसआरजीबी' किंवा '९५ टक्के डीसीआय-पी३' असा, आणि दुसरा 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' असा. (एसआरजीबी आणि डीसीआय-पी३ ही रंगांच्या ठरलेल्या मोजपट्ट्यांची नावं, दुसरी जास्त रुंद.) दोन्ही एकाच गुणाची मापं आहेत असं वाटतं, पण तसं नाही. पहिला आकडा गॅमटचा, म्हणजे मॉनिटर किती तीव्र रंगांपर्यंत पोहोचू शकतो याचा. दुसरा अचूकतेचा, म्हणजे फाइलने मागितलेला रंग तो किती बरोबर दाखवतो याचा. पट्टी लांब असणं वेगळं आणि तिच्यावरच्या खुणा बरोबर असणं वेगळं. पैसे मोजके असतील तर आधी खुणा तपासाव्यात.

गॅमट मोठा म्हणजे फोटो चांगले, हा समज दुकानातल्या झगझगीत डेमोमुळे पक्का होतो. प्रत्यक्षात फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल २५५, हिरवा ०, निळा ०. हे आकडे कुठल्या मोजपट्टीवर वाचायचे ते ठरलेलं असतं, आणि बहुतेक फोटोंसाठी ती मोजपट्टी एसआरजीबी असते. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेली ही व्यवस्था आजही वेबची मूळ धारणा आहे. रुंद गॅमटच्या मॉनिटरला तेच आकडे जसेच्या तसे पाठवले तर तो स्वतःजवळचा सगळ्यात भडक लाल दाखवतो. माणसांचे चेहरे उन्हाने भाजल्यासारखे दिसतात, गवत फ्लोरोसंट होतं. मॉनिटर बिघडलेला नसतो, त्याला फक्त आकड्यांची मोजपट्टी कुणी सांगितलेली नसते.

ती सांगण्याचं काम सॉफ्टवेअरचं. मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो कुठले रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, वाचून आकडे बदलून पाठवणारे प्रोग्रॅम असतात. फोटो संपादनाची चांगली सॉफ्टवेअर हे करतात, क्रोम आणि सफारीही करतात. फायरफॉक्स मूळ सेटिंगमध्ये फक्त स्वतःची मोजपट्टी सांगणारं प्रोफाइल जोडलेल्या चित्रांपुरतं करतो. विंडोजवर मात्र अनेक साधे फोटो-व्ह्यूअर प्रोफाइलकडे बघतही नाहीत. त्यामुळे एकच फोटो एका खिडकीत नीट आणि शेजारच्या खिडकीत भडक दिसतो. मॅकवर ही डोकेदुखी बरीच कमी आहे, कारण तिथे रंगांची व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिमच बघते.

गॅमटच्या आकड्यातही एक मेख आहे. '१२५ टक्के' हे बहुधा रंगांच्या नकाशावरचं क्षेत्रफळ असतं. लाल आणि हिरव्याकडे बाहेर पसरून निळ्याकडे कमी पडणारा मॉनिटरही सव्वाशे टक्के भरू शकतो. म्हणून 'कव्हरेज' हा शब्द शोधावा, म्हणजे त्या मोजपट्टीतला किती भाग मॉनिटर खरंच दाखवतो. कव्हरेज १०० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, आणि फोटोंसाठी एसआरजीबीचं ९७ ते १०० टक्के कव्हरेज पुरेसं आहे. '७२ टक्के एनटीएससी' (टीव्हीची जुनी मोजपट्टी) लिहिलं असेल तर घाबरू नका. क्षेत्रफळाने ते जवळपास एसआरजीबीएवढंच असतं.

आता अचूकता. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसलेला रंग यांच्यातलं अंतर. १ च्या आसपासचा फरक सहसा डोळ्याला कळत नाही, ३ चा दोन रंग शेजारी ठेवले तर कळतो, आणि ५ च्या वरचा तसाही खटकू लागतो. खोक्यावर असते ती सरासरी, तीही बहुतेक वेळा फक्त एसआरजीबी मोडमधली, म्हणजे मॉनिटर स्वतःला एसआरजीबीपुरता आवरतो त्या सेटिंगमधली. मोड बदलला की तो दावा संपला. शिवाय सरासरी १.८ असूनही त्वचेच्या छटांमध्ये ४ ची चूक असू शकते. म्हणून मोजून लिहिलेल्या परीक्षणात कमाल डेल्टा ई, पांढऱ्याचं तापमान (पांढरा किती पिवळट की निळसर) आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ की गडद) असे तिन्ही आकडे बघावेत. पांढरा ६५०० केल्विनच्या जवळ आणि गॅमा २.२ च्या जवळ हवा. स्वस्त मॉनिटरचा पांढरा बऱ्याचदा निळसर असतो, आणि त्या एका चुकीने सगळा फोटो थंड दिसतो.

परीक्षण वाचताना आणखी एक गोष्ट हमखास तपासा, कारण ती खोक्यावर कधीच नसते: एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो का? रुंद गॅमटच्या अनेक स्वस्त मॉनिटरमध्ये हा मोड लावताच ब्राइटनेस कुलूपबंद होतो, कधी डोळे दिपतील इतक्या पातळीवर. असा मोड असून नसल्यासारखा.

कॅलिब्रेशनने, म्हणजे मोजून रंग जागेवर आणल्याने, काय सुधारतं, यावर दोन्ही गुणांतला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. कलरीमीटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारं उपकरण, पांढरा, राखाडी छटा आणि गॅमा जागेवर आणतो, म्हणजे अचूकता वाढवतो. पॅनेल जो रंग दाखवूच शकत नाही तो त्याने येत नाही. आणि रुंद गॅमट आवरण्याचं काम तर प्रोफाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुरतंच होतं. उपकरण कुणाकडून उसनं मिळालं तरी चालेल. आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, लक्ष्य ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) प्रकार नीट निवडा. तो चुकला तर पांढऱ्यावर हलकी गुलाबी किंवा हिरवट झाक येते आणि दोष मॉनिटरवर जातो. दुसऱ्याने त्याच मॉडेलचं प्रोफाइल दिलं तर ते लावू नका. प्रत्येक पॅनेल थोडं वेगळं असतं.

उपकरण नसेल तरी निम्मं काम हाताने होतं. ब्राइटनेस उतरवा: कारखान्यातून तो बहुधा फोटोंसाठी फार जास्त ठेवलेला येतो, आणि मग प्रिंट काळपट आल्याची तक्रार होते. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, निळा प्रकाश कमी करणारा मोड आणि एचडीआर, सगळं बंद. एचडीएमआयने जोडला असेल आणि काळा राखाडी दिसत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज 'लिमिटेड' ऐवजी 'फुल' करा.

पॅनेलचे आयपीएस, व्हीए आणि टीएन असे प्रकार असतात. फार विचार नको, आयपीएस घ्या. व्हीएचा काळा जास्त गडद असतो, पण कडेने पाहिलं की सावलीतले तपशील बदलतात. टीएन या कामाचा नाही. २४ इंचाला १९२० बाय १०८० चालतं, २७ इंचाला २५६० बाय १४४० हवं. २७ इंचावर १०८० घेतलं तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल मिळतात आणि बारीक तपशील खरखरीत दिसतात.

मग रुंद गॅमट कुणी घ्यावा? आयफोन ७ पासूनचे आयफोन फोटो पी३ मध्ये साठवतात, त्यामुळे असे फोटो प्रोफाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्येच बघणाऱ्याला फरक दिसेल. रॉ (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर काम करून चांगल्या इंकजेटवर प्रिंट काढणाऱ्यालाही. पण प्रिंटसाठी अ‍ॅडोबी आरजीबी या आणखी एका रुंद मोजपट्टीचं कव्हरेज वेगळं बघावं लागतं, कारण पी३ चा मॉनिटर हिरव्या-निळसर छटांत तिथे कमी पडतो.

मॉनिटर घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन चित्रं पूर्ण पडद्यावर लावा. एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा राखाडी पट्टा: त्यात रंगीत झाक किंवा पायऱ्या दिसू नयेत. दुसरं एकसारखं मध्यम राखाडी: एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट दिसली तर बदलून घ्या, हा दोष कुठल्याही कॅलिब्रेशनने जात नाही.