तुरुंगातून राज्यकारभार

पदावरच्या शासनप्रमुखाने कैदेत राहून कारभार हाकणे. या विषयात दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. अटकेनंतर पद राहते का, हा एक. पद राहिले तरी हुकूम चालतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्यात शोधता येते. दुसऱ्याचे उत्तर फाटकाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, त्यावर ठरते.

कायदे मात्र नवल वाटावे इतके मोघम आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षाला जन्माने नागरिकत्व, ३५ वर्षे वय आणि १४ वर्षांचे वास्तव्य लागते. शिक्षेचा उल्लेख नाही. म्हणूनच समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना १९२० ची निवडणूक अटलांटाच्या तुरुंगातून लढवता आली आणि नऊ लाखांवर मते पडली. अमेरिकी घटनेच्या पंचविसाव्या दुरुस्तीत (१९६७) कर्तव्य बजावण्यास असमर्थ अध्यक्षाचे अधिकार उपाध्यक्षाकडे देण्याची सोय आहे, पण कैद म्हणजे असमर्थता का, हे लिहिलेले नाही. भारतात सलग ३० दिवस कोठडीत राहिलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री वा मंत्र्याचे पद जावे, असे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले.

त्यामागे ताजा अनुभव होता, देशाचा नसला तरी राज्याचा. मार्च २०२४ मध्ये अटक झालेल्या अरविंद केजरीवाल यांनी दिल्लीचे मुख्यमंत्रिपद सोडले नाही; कायद्याने सोडावे लागतही नव्हते. अडले ते साध्या गोष्टीत. महापालिका शाळांतील मुलांच्या हाती पाठ्यपुस्तके पोहोचली नव्हती, आणि खर्चाच्या अधिकाराला मुख्यमंत्र्यांची मंजुरी लागेल, असे न्यायालयात सांगितले गेले. उच्च न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली. सप्टेंबरमध्ये जामीन मिळाला तोही सचिवालयात न जाण्याच्या आणि फायलींवरच्या सह्यांना मर्यादा घालणाऱ्या अटींसह; चार दिवसांत त्यांनी राजीनामा दिला.

राजेशाहीत पेच कमी होता, कारण मागे कोणीतरी कारभार उचलत असे. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यात नजरकैदेत असताना राज्य जिजाबाई आणि मोरोपंत पिंगळे यांनी सांभाळले; आग्र्याहून हुकूम येण्याची वाट कोणी पाहत बसले नाही. फ्रान्सचा राजा दुसरा जाँ १३५६ मध्ये इंग्रजांच्या हाती लागला. कैदेत त्याने मान्य केलेला १३५९ चा तह पॅरिसमधल्या प्रतिनिधी सभेने धुडकावला. पुढे फ्रान्सच्याच पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५२६ मध्ये माद्रिदच्या कैदेत बर्गंडी हा प्रांत देऊन टाकला आणि सुटल्यावर सही जबरदस्तीची म्हणून हात झटकले. कैद्याची सही ही बहुधा कैद करणाऱ्याचीच सही मानली जाते. हुकूम खरा असला तरी तो खरा आहे हे पटवणार कोण?

बातमी तुटणे हे त्याहून वाईट. ऑगस्ट १९९१ मध्ये क्रिमियातील फोरोसच्या बंगल्यात, सत्तापालट करू पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी नजरकैदेत ठेवलेल्या मिखाईल गोर्बाचेव्ह यांचे सगळे फोन बंद केले गेले. सोव्हिएत संघाचा अध्यक्ष आपल्याच देशात काय चालले आहे हे एका छोट्या रेडिओवर परदेशी केंद्रे लावून ऐकत होता. तीन दिवसांनी ते मॉस्कोला परतले तेव्हा पद जागेवर होते, पण लोक रशियन प्रजासत्ताकाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्याकडे पाहू लागले होते. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी पदही सोडले.