लोणार सरोवर

लोणार सरोवर : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार या तालुक्याच्या गावाला लागून असलेले खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे नैसर्गिक सरोवर. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, जे विवर पडले त्याच्या तळाशी हे पाणी साठले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी., काठापासूनची खोली सुमारे १५० मी. आणि पाण्याचा व्यास साधारण १.२ किमी. आहे. मेहकरच्या दक्षिणेला असलेले हे ठिकाण छत्रपती संभाजीनगरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे.

‘बेसाल्टमधले जगातील एकमेव विवर’ असे लोणारचे वर्णन फलकांवर आणि पर्यटन पत्रकांत हमखास वाचायला मिळते. ते आता सुधारायला हवे. ब्राझीलमधील व्हार्जाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही आघातविवरेही बेसाल्टमधलीच आहेत. मात्र ती दहा कोटी वर्षांहून जुनी असून झिजून गेली आहेत. लोणारचा काठ, उतार, बाहेर फेकला गेलेला मलबा हे सगळे अजून जागच्या जागी ओळखता येते. मंगळाचा बहुतेक पृष्ठभाग आणि चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचेच आहेत. तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्याला पृथ्वीवर हातात दगड घेऊन पडताळा पाहायचा असेल तर लोणारइतकी चांगली जागा नाही. ‘एकमेव’ हे विशेषण काढून घेतले तरी लोणारचे मोल तसूभर कमी होत नाही.

विवराचा काठ भोवतालच्या रानापेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. शेतांमधून येताना समोर नुसता एक बुटका चढ दिसतो आणि तो संपला की पुढची जमीन एकदम खाली गेलेली असते. आतल्या भिंतीत लाव्हाचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन वर पुढचा लाव्हा येईपर्यंत जो काळ गेला त्याची ही खूण. एरवी सह्याद्रीत किंवा अजिंठ्याच्या डोंगरात हे थर जवळजवळ आडवे असतात. लोणारला मात्र ते काठाकडे येता येता वर उचलले गेले आहेत आणि अगदी माथ्यावर काही ठिकाणी चक्क उलटे झाले आहेत, म्हणजे जो थर खाली असायला हवा तो वर आणि वरचा खाली. खालून जोर लागून जमीन बाहेरच्या बाजूला पालथी पडल्याशिवाय असे होत नाही. काठापलीकडे किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत फुटक्या दगडांचा आणि भुग्याचा थर पसरला आहे. उडालेला हा मलबा म्हणजे उत्क्षेप. त्यात वितळून घट्ट झालेल्या काचेचे बारीक काळे मणी सापडतात. काही मणी वाळूच्या कणाएवढे असतात आणि भिंगाखाली गोल, थेंबासारखे किंवा डंबेलच्या आकाराचे दिसतात. हवेत उडालेला वितळलेला खडक जमिनीवर पडायच्या आत थिजला, एवढे त्या आकारांवरून सरळ वाचता येते.

लोणारची कीर्ती विज्ञानाच्या फार आधीची. पुराणांत हा भाग विरजतीर्थ म्हणून येतो. लोककथेप्रमाणे इथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या बिळाचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याला मारले. दूरवरच्या एका टेकडीला लोक ते झाकण मानतात. गावातले दैत्यसूदन मंदिर याच कथेचे आहे आणि त्याचे कोरीवकाम विदर्भातल्या उत्तम मंदिरशिल्पांत गणावे असे आहे. काहीतरी उडून दूर जाऊन पडले आणि मागे खड्डा व खारट पाणी राहिले, हा कथेचा गाभा आहे. प्रत्यक्ष घटना मानवी स्मृतीच्या पल्याडची असल्यामुळे ती कथेत ‘जपली गेली’ असे म्हणता येणार नाही. पण जागा नीट न्याहाळणाऱ्या माणसांनीच ही कथा रचली, हे मान्य करावे लागते. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’तही लोणारचा उल्लेख आहे. तिथे काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो आणि त्यातून सरकारला उत्पन्न होते, अशी ही नोंद आहे.

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराला भेट दिली आणि तिथून युरोपीय अभ्यासकांची चर्चा सुरू झाली. सगळा दख्खन लाव्हाचा, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असे बहुतेकांना वाटले. कोणी भूगर्भातल्या वाफेचा स्फोट म्हटले, तर कोणी जमीन खचली म्हटले. अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य टिपले. मात्र ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले असावे असाच कौल त्यांनी दिला. विसाव्या शतकात ॲरिझोनाचे विवर अशनीचे असल्याचे सिद्ध झाले आणि लोणारकडे पाहण्याची नजरही बदलली.

ज्वालामुखीच्या मताला मुळातच एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लोणारचे विवर त्या मानाने इतके ताजे दिसते की ते झाले तेव्हा इथले ज्वालामुखी कधीच शांत झालेले होते. पण निर्णायक पुरावा दगडाच्या आत मिळाला. सरोवराच्या तळात छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांचा अभ्यास १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडले. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे खनिज भरपूर असते. त्यावर वातावरणाच्या लाखो पट दाबाचा धक्का क्षणभर बसला तर ते न वितळताच काचेसारखे होऊन जाते आणि स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो. हेच मास्केलिनाइट. एवढा दाब कोणत्याही ज्वालामुखीच्या स्फोटात तयार होत नाही, तो फक्त अतिवेगाने आदळणाऱ्या अशनीमुळेच येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकन संशोधक यांच्या या संयुक्त कामाने वाद संपला.

मग अशनी गेला कुठे, असे लोणारला येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो, आणि तो तळाशी गाडलेला आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा अशनी आदळताच त्याची गतिज ऊर्जा उष्णतेत आणि धक्क्याच्या लाटेत बदलते, आणि तो स्वतः बहुतांशी वितळून व बाष्प होऊन जातो. विवर अशनीपेक्षा दहा-वीस पटींनी मोठे पडते, ते या स्फोटामुळे. लोणारच्या काचेत मिसळलेल्या मूलद्रव्यांच्या अंशावरून तो काँड्राइट प्रकारचा, म्हणजे दगडी अशनी होता असे दिसते. अशनीचा एवढाच मागमूस उरला आहे. विवरात होकायंत्र भरकटते, अंबर तळ्याजवळच्या निद्रिस्त मारुतीची शिळा चुंबकीय आहे, म्हणून अशनीचे लोखंड इथे असणार, हेही वारंवार सांगितले जाते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज मुळातच असते. दख्खनमधल्या पुष्कळ कातळांजवळ होकायंत्राची सुई हलते, त्यासाठी अशनीची गरज नाही. मुख्य विवरापासून सुमारे ७०० मी. अंतरावर असलेले अंबर तळे हे अशनीच्या तुकड्याने पडलेले दुसरे विवर आहे का, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही.

विवराच्या वयाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. तप्तदीप्ती पद्धतीने, म्हणजे तापवल्यावर नमुन्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून केलेल्या मोजणीत ते सुमारे ५२,००० वर्षे आले आणि अनेक पुस्तकांत तोच आकडा रूढ झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-आरगॉन मोजणीत, म्हणजे खडकात साठलेल्या आरगॉन वायूवरून केलेल्या मोजणीत, मात्र ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले, म्हणजे दहापटीहून जास्त. दुसरी पद्धत वितळलेल्या खडकाचे वय थेट मोजते, म्हणून तिच्या बाजूने वजन अधिक पडते. तरीही फलकांवर एकच आकडा निःशंकपणे लिहिणे योग्य नाही.

विवराची उत्पत्ती एका क्षणातली, पण सरोवर हे सावकाश घडलेले रसायन आहे. ते समजायला एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुरते. लोणार हे तोटी नसलेले भांडे आहे. पावसाचे पाणी उतारावरून येते, धार आणि सीतान्हाणी यांसारखे गोड्या पाण्याचे झरे बारमाही वाहतात, पण बाहेर जाणारा एकही ओढा नाही. पाणी जाते ते फक्त वाफ होऊन. बेसाल्टमधून झिरपताना पाण्यात सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळून येते. बाष्पीभवनाने पाणी आटत गेले की आधी कॅल्शियम चुन्याच्या रूपाने तळाशी बसते आणि सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व मीठ मागे उरून दाट होत जाते. त्यामुळे पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास राहत आला आहे. धारेचे पाणी ओंजळीने पिता येते आणि तेच शे-दीडशे मीटर खाली उतरून सरोवरात मिसळले की बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते.

या क्षारांवर शतकानुशतके धंदा चालला. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत आणि मजूर ते गोळा करीत. वऱ्हाडच्या जुन्या नोंदींत त्यांचे दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी आणि भुस्की असे पाच प्रकार येतात. आज या नावांपैकी फारशी कोणाच्या तोंडी उरलेली नाहीत, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवली आहेत. साबण, काच, कापड रंगवणे आणि पापडखार हे त्यांचे उपयोग. वऱ्हाड निजामाकडे होता तेव्हा आणि पुढे इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावरही या क्षारांचे उत्पन्न घेतले जात असे.

असल्या पाण्यात मासे आणि बेडूक तग धरत नाहीत, पण सूक्ष्मजीवांची रेलचेल असते. एरवी सरोवर हिरवट दिसते ते स्पिरुलिना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नीलहरित जीवाणूंमुळे. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. कडक उन्हाळ्यात पाणी घटून खारेपणा वाढला, की हे जीव भरमसाट वाढतात आणि उन्हापासून बचावासाठी गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. प्रयोगशाळेत त्यांचा गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या जीवांचा होता.

बाहेर वाट नसल्याचा आणखी एक परिणाम तळाच्या गाळात दिसतो. पावसाळ्याने वाहून आणलेली माती वर्षानुवर्षे तिथेच साचली. या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा स्तंभ काढून भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी गेल्या अकरा-बारा हजार वर्षांच्या मान्सूनचा आलेख मांडला. गाळाच्या काही थरांत गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक आहेत. सरोवर फार आटते तेव्हाच ते तयार होतात. त्यावरून मध्य भारतावर दोन दीर्घ अवर्षणकाळ येऊन गेल्याचे कळले. पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. लोणारबद्दलच्या लेखनात या संशोधनाला ओझरती जागाच मिळते. मला मात्र गुलाबी पाण्यापेक्षा हे कितीतरी मोठे नवल वाटते.

उतारावर साग आणि इतर कोरड्या रानाची झाडे, खाली पाण्याजवळ बाभळीचा पट्टा. पसरत चाललेली वेडी बाभूळ काढण्याचे काम वन विभागाने हाती घेतले होते. मोर, चक्रवाक, शेकाटे, टिबुकल्या इथे दिसतात. एकूण सुमारे १६० जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि लांडग्याचाही वावर आहे. काठावर मंदिरांची रांग आहे, त्यांतल्या कमळजा देवीला नवरात्रात यात्रा भरते. तिच्याजवळच सासू-सुनेची विहीर आहे. या एकाच विहिरीत एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी लागते असे गावकरी सांगतात. उताराच्या अंगाने गोडे भूजल आणि सरोवराच्या अंगाने खारे पाणी झिरपते, हे त्याचे सरळ कारण दिसते.

सरोवराला २००० साली वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरपाठोपाठ ते महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे त्याच्या संवर्धनासाठी जनहित याचिका चालत आली आहे. तोटी नसलेल्या या भांड्यात काय ओतले जाते हीच खरी काळजीची बाब आहे. गावाच्या सांडपाण्यातले पोषक घटक एकदा आत गेले की बाहेर निघत नाहीत. गोडे पाणी जास्त आले तर खारेपणा पातळ होतो आणि इथल्या वेगळ्या सूक्ष्मजीवांचा आधारच जातो. अलीकडच्या वर्षांत पातळी बरीच वाढून पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पोचले आहे. म्हणून केवळ ‘सरोवर भरले’ याचा आनंद मानणे लोणारच्या बाबतीत चुकीचे ठरेल.

अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३.८ चौ. किमी. आहे. त्यात मुख्यतः विवर येते. बाहेर फेकला गेलेला उत्क्षेपाचा थर मोठ्या प्रमाणात शेतांखाली, रस्त्यांखाली आणि खुद्द लोणार गावाखाली आहे. पाया खणताना, विहीर काढताना तो सहज मुरूम म्हणून उचलला जातो. मंगळाच्या अभ्यासकांना ज्याची तुलना हवी असते, तो नेमका हाच थर. त्याचे काही उघडे पडलेले छेद तरी निवडून, कुंपण घालून राखायला हवेत.