दहातला एक फोन आणि भरलेला गल्ला

गेल्या आठवड्यात भाच्याचा चार वर्षांचा आयफोन विकायला इंदूरच्या जेल रोडवर गेलो होतो. दुकानदाराने सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ पाहिली, स्क्रीन उजेडात तिरपी धरली आणि लगेच भाव सांगितला. तेवढ्याच वयाचा माझा अँड्रॉइड मात्र त्याने हातातही घेतला नाही. "हा मुलांना खेळायला द्या, भाऊ."

त्याच्या काचेच्या कपाटात नव्या आयफोनचा डबा दहात जेमतेम एक. पण काउंटरपॉइंट या संस्थेच्या हिशेबानुसार २०२१ च्या एप्रिल-जून तिमाहीत जगभरात विक्रीला गेलेल्या मोबाइलपैकी अ‍ॅपलचे होते १३ टक्के, आणि साऱ्या धंद्याच्या नफ्यातला तिचा वाटा ७५ टक्के.

थोडे नग विकून मोठा नफा कमावायच्या या खेळात अ‍ॅपल आधी एकदा सपशेल तोंडावर आपटली आहे. १९८४ मध्ये तिचा मॅकिन्टॉश, म्हणजे मॅक संगणक आला तो २,४९५ डॉलरला. पुढे कंपनीत मॅकचं काम पाहणाऱ्या ज्याँ-लुई गासे यांच्या काळात तर मॅकवर ५५ टक्के ढोबळ नफा सुटलाच पाहिजे, असा हट्ट होता. १९८५ च्या जूनमध्ये खुद्द बिल गेट्सनी अ‍ॅपलचे प्रमुख जॉन स्कली यांना लिहिलं, की मॅकचं तंत्र इतर कंपन्यांनाही वापरू द्या. ते मानलं गेलं नाही. काही वर्षं पैसा बक्कळ आला. छपाई आणि जाहिरातवाले मॅक सोडत नव्हते. आमच्याकडे अजूनही मॅक म्हणजे 'प्रेसवाल्यांचं मशीन'. पण प्रोग्रॅम लिहिणारे जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे जातात, आणि ते विंडोजकडे गेले. माझ्या मते चूक चढ्या भावाची नव्हतीच. भाव चढा आणि वर चालवायला प्रोग्रॅम कमी, हे गणित बसेना.

मग घाबरून उलटं टोक गाठलं. १९९५ पासून पॉवर कंप्युटिंगसारख्या कंपन्यांना मॅकच्या नकला बनवायचा परवाना दिला. बाजार काही वाढला नाही, उलट त्यांनी अ‍ॅपलचीच महाग मशीनं घेणारी गिऱ्हाइकं पळवली. १९९६ च्या आर्थिक वर्षात ८१ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा, पुढच्या वर्षी १०० कोटींच्या वर. १९९७ मध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्सनी परवाने बंद केले, मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलर घेतले आणि मालाची लांबलचक यादी चार खणांत बसवली: घरचा आणि कामाचा, टेबलावरचा आणि उचलून नेण्याचा.

आयफोनच्या वेळी उद्दिष्टच छोटं होतं: २००८ मध्ये जगाच्या मोबाइल बाजाराचा १ टक्का, म्हणजे १ कोटी फोन. खरी कलाटणी मिळाली ती २००८ च्या जुलैमध्ये उघडलेल्या अ‍ॅप स्टोअरने. सुरुवातीला ५०० अ‍ॅप, आणि विक्रीतले ३० टक्के अ‍ॅपलचे. गिऱ्हाईक थोडं, पण खिसा सैल सोडणारं. त्यामुळे या खेपेला प्रोग्रॅमवाले पळाले नाहीत. आपल्याकडे त्याच ऑगस्टमध्ये आयफोन ३जी ३१,००० रुपयांना आला, तेव्हा घेणाऱ्याला लोक वेड्यात काढत. २०१३ मध्ये रंगीत प्लास्टिकचा ५सी आला, तोही स्वस्त नव्हताच. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तर, यापुढे किती फोन विकले ते सांगणारच नाही, असं कंपनीने जाहीर केलं. उलट बाजूला एलजी. इतकं मोठं नाव, पण फोनच्या धंद्यात तोटा सोसून सोसून २०२१ मध्ये त्यांनी तो बंद केला.

विकलेले नग सांगणं सोडलं, तरी वापरातली उपकरणं अ‍ॅपल आवर्जून मोजते. २०२३ च्या सुरुवातीला ती २०० कोटींच्या वर गेली. भाच्याचा फोन त्यातलाच एक. नव्या विक्रीच्या हिश्श्यात तो आता कुठेच धरला जाणार नाही. पण ज्याने तो जेल रोडवरून नेला, त्याचे फोटो मावेनासे झाले की आयक्लाउडचे, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीचे, महिन्याला ७५ रुपये तो भरणारच.