पीसी चालू होतो पण चालत नाही: नो डिस्प्ले वेगळं, नो बूट वेगळं

मागच्या पावसाळ्यात चिपळूणहून मामाचा फोन आला, "अरे पीसी चालू होतोय पण चालत नाहीये." हे वाक्य मी वर्षातनं दहा वेळा तरी ऐकतो आणि दर वेळी आधी एकच विचारतो, स्क्रीनवर काय दिसतंय? मामा म्हणाला, "काही नाही रे, काळं. पंखे फिरतायत, लाइट लागलीय. दुकानवाला म्हणतो विंडोज उडाली, परत टाकायला लागेल, सहाशे रुपये." आता कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही म्हणजे पीसी अजून विंडोजपर्यंत पोचलेलाच नाही, मग ती उडाली हे या माणसाला कळलं कुठून? पण चूक एकट्या दुकानवाल्याची नाही, आपणही दोन वेगळ्या दुखण्यांना एकाच नावाने हाक मारतो.

बटण दाबल्यावर काय होतं ते बघा. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, व्होल्टेज स्थिर झालं की मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डला, 'पॉवर गुड' असा सिग्नल देतो, मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डवरच्या चिपमधला बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, वाचायला लागतो, बायोस रॅम (मेमरीची पट्टी), ग्राफिक्स, कीबोर्ड सगळ्यांची हजेरी घेतो. या हजेरीला पोस्ट म्हणतात, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. रॅम आणि ग्राफिक्स पास झाले की लोगो दिसतो आणि पूर्ण हजेरी संपल्यावर कुठे बायोस डिस्ककडे वळून विंडोज शोधतो. हजेरीतच अडकला तर नो डिस्प्ले, हजेरी झाली पण विंडोज सापडली नाही किंवा लोड झाली नाही तर नो बूट. पहिल्यात बहुतेक वेळा हार्डवेअर, दुसऱ्यात डिस्क, सेटिंग नाहीतर विंडोज.

पंख्यांवर अजिबात जाऊ नका. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात, प्रोसेसर मेलेला असला तरी तो मजेत फिरतो. आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं तर ते मॉनिटर स्वतः म्हणतोय, पीसी नाही, बरेच लोक ते बघून "काहीतरी येतंय" म्हणून सांगतात. त्यापेक्षा कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागतोय-विझतोय म्हणजे पोस्ट बहुतेक झालीय आणि फक्त चित्र पोचत नाहीये. तसं असेल तर मागे वाकून केबल बघा, ग्राफिक्स कार्ड असताना एचडीएमआय मदरबोर्डच्या पोर्टात खुपसलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय, आणि इंटेलचे नावात एफ असलेले प्रोसेसर घेतले असतील तर त्यात ग्राफिक्स नसतंच त्यामुळे त्या पोर्टातनं काही येणार नाही.

मामाकडे दिवा ढिम्म. म्हणजे खरंच नो डिस्प्ले. व्हिडिओ कॉल लावला, वायर भिंतीतनं काढायला लावली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलासुरला करंट घालवला आणि रॅम काढायला सांगितली. कोकणातला पावसाळा, त्यात पीसी महिनाभर बंद, रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढलेला कॅमेऱ्यातही दिसत होता. मामीने भाचीच्या दप्तरातनं खोडरबर काढून दिला, तो दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासायचा आणि भुगा झटकूनच परत बसवायची. बसवताना टक असा आवाज यायलाच पाहिजे, घाबरून अर्धवट दाबलेली रॅम हेच बऱ्याच केसेसचं कारण असतं. चार स्लॉट असतील आणि एकच रॅम असेल तर साधारण प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट, तरी मॅन्युअल बघा. एवढ्याने नाही झालं तर ग्राफिक्स कार्ड काढून बघायचं (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच), प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची पॉवर केबल बघायची, नवीन असेंबल केलेल्या पीसीत ती हमखास राहते. बऱ्याच नवीन बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार छोटे दिवे असतात, जिथे दिवा अडकला तिथे दुखणं. डीडीआर ५ प्रकारच्या रॅमवाला नवा पीसी असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, तो रॅम जुळवून घेत असतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका प्लीज.

मामाला मी बोर्डवरचा बटणासारखा सेल पण पाच मिनिटं काढून ठेवायला सांगितला होता, बायोस रीसेट होतो म्हणून. बटण दाबलं, लोगो आला, मामा खूश, विंडोजचे ठिपके फिरले आणि मामा ओरडला, "अरे आता निळं झालं!" मी म्हटलं, उत्तम. कारण काळ्याचं निळं झालं म्हणजे आपण पहिल्या दुखण्यातनं दुसऱ्यात आलो.

दुसऱ्यात पीसी स्वतः बोलतो, आपण वाचायचं तेवढं. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' आलं तर आधी पेनड्राइव्ह काढा, हसू नका, बायोस तिथेच विंडोज शोधत बसतो. मग डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा, तिथे डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) आणि पॉवर केबल काढून घट्ट लावा, तरी नाही तर डिस्क गेली असू शकते. दिसत असेल तर बूट ऑर्डर (विंडोज आधी कुठल्या डिस्कवर शोधायची तो क्रम) आणि बूटची पद्धत जुनी लेगसी की नवी यूईएफआय ते बघा. डिस्क खरखरत असेल तर रिपेअरचे उद्योग करत बसू नका, आधी लिनक्सच्या (विंडोजसारखीच फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम) पेनड्राइव्हवरून चालू करून फोटो-कागदपत्रं कॉपी करून घ्या, फॉरमॅट कुठे पळून जात नाही. लोगोवरच अडकून बसणं मात्र मधलं प्रकरण आहे, मरायला टेकलेली डिस्क पोस्टलाही लटकवून ठेवते, तेव्हा साटा केबल काढून बघा, पुढे सरकला तर चोर सापडला.

मामाच्या निळ्यावर लिहिलेलं होतं 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', आणि ही करणी माझीच. विंडोज टाकली तेव्हा साटा मोड, म्हणजे बोर्डची डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता, सेल काढल्यावर जुना बोर्ड डिफॉल्टला म्हणजे आयडीई या जुन्या पद्धतीवर गेला आणि विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येईना. बायोसमध्ये जाऊन एक ओळ बदलली, एफ टेन दाबून सेव्ह केलं, डेस्कटॉप आला. सेल काढला नसता तर निळं झालंच नसतं हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही, आणि खोडरबर परत दप्तरात गेला की नाही ते मामीला विचारा.