वॉर्फ दोन्हीकडे आहे: ‘नेक्स्ट जनरेशन’ आणि ‘डीप स्पेस नाइन’

भाच्याला ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळकथांच्या मालिका बघायच्या होत्या. कुठून सुरू करू, असं त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, "पिकार्डवाली लाव. तो टकला कॅप्टन. आणि वॉर्फ आहे बघ त्यात, कपाळावर उंचवटे असलेला दाढीवाला." चार दिवसांनी त्याचा फोन. "मामा, तीन भाग झाले. यात जहाज कुठं जातच नाहीये. सगळे एका स्टेशनवर बसून भांडतायत. टकला पहिल्या भागात येऊन गेला, परत फिरकला नाही. आणि तुझ्या दाढीवाल्याचा तर पत्ताच नाही."

चूक माझीच. पोस्टरवर वॉर्फ दिसला म्हणून त्यानं ‘डीप स्पेस नाइन’ लावली होती, आणि मला म्हणायची होती ‘द नेक्स्ट जनरेशन’. मी दिलेल्या खुणा दोन्हीकडे लागू पडणाऱ्या होत्या. वॉर्फ ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये सातही सीझन आहे आणि ‘डीप स्पेस नाइन’मध्ये चौथ्या सीझनपासून शेवटपर्यंत. ओब्रायन नावाचा गडी पहिलीत ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या खोलीत उभा असायचा, तो दुसरीत स्टेशनच्या ऑपरेशन्सचा प्रमुख होऊन आला. शतक तेच, चोविसावं. फेडरेशन हे ग्रहांचं संघराज्य तेच, त्याचं अंतराळ-आरमार स्टारफ्लीट तेच. दोन्हींचे सीझन सात, भाग 178 आणि 176. जानेवारी 1993 ते मे 1994 या काळात तर अमेरिकेत दोन्ही मालिका एकाच वेळी टीव्हीवर चालू होत्या.

(‘स्टार वॉर्स’शी होणारा गोंधळ निराळा, त्यात मी पडत नाही. आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ज्यांनी कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक पाहिला, त्यांच्या लेखी ‘स्टार ट्रेक’ म्हणजे तेवढंच. ती मूळ मालिका 1966 ते 1969 मधली. मी बोलतोय ते तिच्या पाठच्या भावंडांबद्दल.)

‘नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली 28 सप्टेंबर 1987 रोजी. एंटरप्राइझ नावाचं भलंमोठं जहाज, त्यावर हजारभर माणसं, बायकापोरांसकट. दर आठवड्याला नवा ग्रह, नवी अडचण, पाऊण तासात उकल, आणि जहाज पुढच्या मुक्कामाला. ‘डीप स्पेस नाइन’ आली 3 जानेवारी 1993 रोजी. इथं बजोर नावाच्या ग्रहाजवळचं एक अंतराळस्टेशन आहे. कार्डेशियन लोकांनी बजोरवर जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं, तिथल्या माणसांना गुरासारखं राबवलं आणि जाताना हे स्टेशन मोडूनतोडून, लुटून गेले. आता बजोरच्या हंगामी सरकारनं मदत मागितली म्हणून फेडरेशन कारभार बघायला आलंय.

दोन्हींचे पहिलेच भाग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पिकार्डच्या पहिल्या भागात क्यू नावाचा सर्वशक्तिमान प्राणी अख्ख्या मानवजातीवर खटला भरतो. स्टेशनचा प्रमुख सिस्को, त्याच्या पहिल्या भागात एक बार बंद पडू नये म्हणून घासाघीस चालते. कमांडर बेंजामिन सिस्को स्टेशनवर पोचतो तेव्हा बाजारपेठेचा पार उकिरडा झालेला असतो. क्वार्क हा फेरेंगी, म्हणजे नफ्यापुढं काही न दिसणाऱ्या जमातीतला बारमालक गाशा गुंडाळायच्या तयारीत, आणि त्याचा पुतण्या नॉग चोरी करताना पकडला गेलेला. सिस्को क्वार्कला समोर बसवून सौदा करतो: तू बार चालू ठेव, पोरगा सुटेल. क्वार्क गेला तर बाकीचे दुकानदारही जातील, हे सिस्कोला कळलेलं असतं. पिकार्डला सातही सीझनमध्ये असलं काम कधी करावं लागलं नाही. त्याच्या जहाजावर बाजारपेठ नव्हती, आणि पैशाची गरज तर मुळीच नव्हती.

दोन्ही मालिका एका जागी समोरासमोर येतात, ते याच पहिल्या भागात, ‘एमिसरी’त. ते नीट कळायला आधी तीन वर्षं मागं जावं लागतं.

1990 मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’चा ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ हा दोन भागांचा प्रसंग आला. बोर्ग ही यंत्रमानवांची टोळी पिकार्डला पळवते, त्याच्या अंगात यंत्रं खुपसते आणि त्याला लोक्यूटस नाव देऊन त्याच्याच माणसांवर सोडते. वुल्फ 359 या ठिकाणी स्टारफ्लीटची 39 जहाजं बुडतात, जवळपास अकरा हजार माणसं मरतात. पण ती लढाई आपल्याला दिसत नाही. एंटरप्राइझ उशिरा पोचतं, आणि पडद्यावर येतात ते नुसते जळके सांगाडे. पिकार्डची सुटका होते. पुढच्या भागात तो फ्रान्समध्ये भावाच्या द्राक्षमळ्यावर जातो. दोघे भाऊ चिखलात एकमेकांना लोळवतात, आणि त्या चिखलात बसून पिकार्ड पोरासारखा रडतो. फार ताकदीचा प्रसंग आहे तो. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात पिकार्ड आपल्या खुर्चीत, इस्त्रीच्या गणवेशात.

‘एमिसरी’ सुरू होते ती त्याच लढाईत, पण सॅराटोगा या दुसऱ्या जहाजावर. पडद्यावर लोक्यूटसचा चेहरा, शरण या म्हणतोय. काही मिनिटांत जहाजाच्या चिंध्या. सिस्कोची बायको ढिगाऱ्याखाली सापडते. ती गेलीय हे तो मानायलाच तयार नसतो. लोक त्याला ओढून बचावयानात कोंबतात, आणि खिडकीतून तो जहाज फुटताना बघतो. तीन वर्षांनी तोच सिस्को पिकार्डसमोर बसलाय. पिकार्ड सभ्यपणे विचारतो, आपण आधी भेटलोय का? सिस्को म्हणतो, हो, लढाईत. मी वुल्फ 359 ला सॅराटोगावर होतो.

पिकार्डचा चेहरा त्या क्षणी बघा. पॅट्रिक स्ट्युअर्टनं त्यात काहीच केलेलं नाही, फक्त पापण्या जरा थांबतात. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या प्रेक्षकाला पिकार्डची जखम माहीत असते. ही जखम दुसऱ्या कोणाच्या घरात तीन वर्षं उघडी पडली होती, हे त्याला इथं पहिल्यांदा दिसतं. मला विचाराल तर दोन मालिकांमधला सगळा फरक या अर्ध्या मिनिटात येतो. एंटरप्राइझ पुढं निघून गेलं. मागं राहिलेल्यांची मालिका म्हणजे ‘डीप स्पेस नाइन’.

हा फरक नुसत्या लेखकांच्या मर्जीनं आला नाही, त्याला धंद्याचंही कारण होतं. ‘नेक्स्ट जनरेशन’ एका मोठ्या वाहिनीवर नव्हती. गावोगावच्या छोट्या स्टेशनांना भाग विकले जायचे. पुनःप्रक्षेपणात कुठला भाग कधी लागेल याचा नेम नाही. मग प्रत्येक भाग स्वतंत्र हवा, शेवटी सगळं जिथल्या तिथं हवं. त्यात मूळ जनक जीन रॉडनबेरी यांचा दंडक: चोविसाव्या शतकातल्या माणसांनी क्षुद्र भांडणं मागं टाकलीत, तेव्हा जहाजावरच्या मंडळींनी आपसात भांडायचं नाही. लेखकांची याच्यावर चडफड व्हायची, कारण भांडण नसेल तर नाटक आणायचं कुठून? रॉडनबेरी ऑक्टोबर 1991 मध्ये गेले. रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी नवी मालिका रचली तेव्हा दंडक मोडला नाही, त्याला बगल दिली. भांडणारी पात्रं स्टारफ्लीटच्या बाहेरून आणली. किरा ही बजोरची माजी बंडखोर, ओडो हा रूप बदलणारा पोलीसप्रमुख, आणि क्वार्क. यांना रॉडनबेरींचा नियम लागूच नव्हता! मालिका मात्र तशीच गावोगाव विकली जात होती, म्हणून लांबत जाणाऱ्या कथानकांवर वरून कुरकुर व्हायची. तरी शेवटची दोन वर्षं त्यांनी डोमिनियन या शत्रू साम्राज्याशी चाललेलं एकच युद्ध दाखवलं. आज एका बैठकीत पाच भाग बघणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा तो आगाऊपणा होता.

दोन भाग लागोपाठ बघा असं मी भाच्याला सांगितलं. पहिला ‘नेक्स्ट जनरेशन’मधला, 1989 चा ‘द मेझर ऑफ अ मॅन’. डेटा हा यंत्रमानव अधिकारी. एका शास्त्रज्ञाला तो उघडून बघायचाय. डेटा नकार देतो, तर प्रश्न येतो की नकार द्यायला तो माणूस आहे की स्टारफ्लीटची मालमत्ता. सुनावणी होते. माणसं कमी म्हणून डेटाचा मित्र रायकर याच्यावरच त्याच्याविरुद्ध उभं राहायची पाळी येते, आणि तो नाइलाजानं सगळ्यांदेखत डेटाचं बटण बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो. अशी हजारो यंत्रं करून राबवली तर तिला गुलामगिरीच म्हणायचं ना, हा पिकार्डचा मुद्दा. भाग लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेल्या, त्यामुळे युक्तिवाद पोकळ वाटत नाही. निकाल डेटाच्या बाजूनं लागतो.

दुसरा ‘डीप स्पेस नाइन’मधला, 1998 चा ‘इन द पेल मूनलाइट’. युद्ध हरत चाललंय. रोम्युलन साम्राज्य आपल्या बाजूनं आलं तर निभाव लागेल. ते यावं म्हणून सिस्को गॅरक या शिंप्याच्या, म्हणजे माजी हेराच्या मदतीनं खोटा पुरावा तयार करवतो. रोम्युलन सिनेटर तो पकडतो. मग त्या सिनेटरच्या यानात स्फोट होतो. गॅरकनं बाँब आधीच ठेवलेला असतो. रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को गॅरकला ठोसे मारतो; गॅरक ओठावरचं रक्त पुसत हिशेब मांडतो की एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढ्यात अख्खं क्षेत्र वाचलं, स्वस्तात पडलं. हे सगळं सिस्को आपल्या खोलीत, कॅमेऱ्याकडे बघत, खासगी नोंद म्हणून सांगतोय. मी हे घेऊन जगू शकतो, असं तो म्हणतो, मग पुन्हा एकदा म्हणतो, जरा हळू. आणि कॉम्प्युटरला सांगतो, ही नोंद पुसून टाक.

पिकार्डला न्यायालय मिळालं. सिस्कोपुढं फक्त कॉम्प्युटर होता.

पोरांचंही तसंच. एंटरप्राइझवर वेस्ली नावाचा हुशार पोरगा आहे, इतका हुशार की मोठ्या माणसांना सुचत नाही ते त्याला सुचतं. प्रेक्षक त्याला वैतागले होते, मीही त्यांच्यातला. इकडं नॉग, पहिल्या भागातला तो चोर. त्याला वाचता येत नसतं, सिस्कोचा मुलगा जेक त्याला शिकवतो. पुढं तो स्टारफ्लीटमध्ये भरती होणारा पहिला फेरेंगी ठरतो, युद्धात पाय गमावतो, आणि मग बरेच दिवस लढाईच्या आठवणींतून बाहेर येत नाही. सहा-सात वर्षं एखादं पोरगं शेजारी वाढताना बघावं, तसं ते वाटतं.

म्हणून ‘डीप स्पेस नाइन’ थोर आणि ‘नेक्स्ट जनरेशन’ बाळबोध, असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. ‘डार्मोक’सारखा भाग स्टेशनवर झालाच नसता. त्यात भेटणारे परके लोक फक्त आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांतच बोलतात. समजा कोणी ‘मी अडकलोय’ न म्हणता ‘अभिमन्यू, चक्रव्यूहात’ एवढंच म्हणालं, तर महाभारत न ऐकलेल्याला काय कळणार? पिकार्ड एका निर्जन ग्रहावर अशा माणसासोबत शेकोटीपाशी बसून त्याची भाषा उलगडतो. अनोळखी दारात जाऊन उभं राहण्याची ही मजा जहाजातच आहे. पहिले दोन सीझन मात्र पुष्कळ रडके आहेत. 1988 च्या लेखकांच्या संपामुळे दुसरा तर 22 भागांतच आटोपला, आणि त्याचा शेवट जुन्या भागांचे तुकडे जोडून केला होता. ‘डीप स्पेस नाइन’चाही पहिला सीझन कूर्मगतीचा, आणि फेरेंगी मंडळींचे काही विनोदी भाग मी अजूनही पुढं ढकलतो.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘नेक्स्ट जनरेशन’ची मूळ फिल्म पुन्हा स्कॅन करून, इफेक्ट नव्यानं जोडून 2012 ते 2014 दरम्यान ब्लू-रे काढले, त्यामुळे ती मोठ्या टीव्हीवर लख्ख दिसते. त्या कामाचा खर्च वसूल झाला नाही, आणि ‘डीप स्पेस नाइन’च्या वाट्याला ते आलंच नाही. नवी मालिका जुनीपेक्षा धुरकट दिसते, ही त्यातली गंमत. तुमच्या टीव्हीत काही बिघाड नाही.

भाच्याला शेवटी क्रम लावून दिला: ‘नेक्स्ट जनरेशन’ तिसऱ्या सीझनपासून, निदान ‘बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ आणि चिखलातल्या भांडणापर्यंत. मग परत ‘एमिसरी’. पहिल्यांदा बघताना टकला पाहुणा म्हणून येऊन गेला होता. दुसऱ्यांदा ती दोन माणसं समोरासमोर बसली तेव्हा त्यानं व्हिडिओ थांबवून मला फोन केला.

परवा रात्री त्याचा फोन पुन्हा आला. पाचव्या सीझनचा शेवट, 1997 चा ‘कॉल टू आर्म्स’. स्टेशन शत्रूच्या हाती देऊन सिस्को निघून जातो. त्याच्या टेबलावर कायम एक बेसबॉलचा चेंडू असायचा. कार्डेशियन दुकाट विजेत्याच्या थाटात त्या खोलीत शिरतो, तर चेंडू टेबलावरच. सोबतच्याला काही उमगत नाही. दुकाट चेंडू उचलून बघतो आणि त्याला सांगतो की हा निरोप आहे, तो परत येणार आहे.

"मामा, मुद्दाम ठेवून गेला ना तो?"

"झोप आता," मी म्हटलं. रात्रीचा एक वाजला होता. तिकडून पुढच्या भागाचं शीर्षकसंगीत ऐकू येत होतं.